पूजा झालेली सांडपाण्याची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पिण्याच्या पाण्याची नव्हे, तेव्हा तांब्या घेऊन येऊ नका. शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात, गटार संपते आणि नदीची उतरण लागते तिथे मी जमिनीत बसले आहे.

माझा जन्म १९५९ सालचा. त्याआधी गावातल्या मोऱ्यांचे पाणी सरळ नदीत जाई. त्याच्याच खालच्या अंगाला बायका वाळूत झिरा उकरून पिण्याचे पाणी भरत. ते काचेसारखे दिसे, म्हणून कुणाला शंका येत नसे.

सरपंच हिंमतरावांना आली. त्यांनी उखा गवंड्याकडून मला बांधून घेतले. पहिल्या कप्प्यात गाळ खाली बसावा, दुसऱ्यात तवंग आणि फेस अडावा, तिसऱ्यातल्या खडी-वाळूतून पाणी गाळून निघावे आणि नदीऐवजी केळीच्या वाफ्यात जावे, अशी माझी रचना. आयुष्यभर घाण पाणी अडवून धरायचे, एवढेच काम. मला ते आवडले होते.

मग माझे उद्घाटन झाले आणि तिथेच घात झाला. हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला, हार पडला. दुसऱ्या दिवशी गटाराचे तोंड माझ्याकडे वळवायला माणसे आली, तर वडीलधाऱ्या रुक्मिणीबाई आडव्या उभ्या.

"वं माय! पूजा करेल जागामा मोरीनं पाणी सोडतस का कोनी?"

"काकू, टाकी त्यानासाठेच शे," हिंमतराव म्हणाले.

"मंग पूजा कसाले करी?"

सरपंचांनी माणसांना कुदळी खाली ठेवायला सांगितले. शेवटी मला वळसा घालून चर खणला गेला आणि गटार पुन्हा नदीला मिळाले. मी कोरडी, स्वच्छ आणि पूज्य राहिले. पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवीत. इतकी निकामी असून इतका मान मिळणे फार थोड्यांच्या नशिबी येते.

रोज सकाळी दगूबाई नातीला घेऊन माझ्या काठावर टेकायची. धनू नुकती चालू लागली होती. तळहाताने मला थापटायची, जणू मीच तिचे बाळ. पावसाळा सरला आणि ती दिसेनाशी झाली. तिला हगवण लागली होती. उभे राहायचेसुद्धा विसरली, असे बायका बोलत. तालुक्याच्या डॉक्टरांनी झिरा पाहिला, वरून येणारा चर पाहिला आणि एवढेच म्हणाले, "हे पाणी पाजलंत तर माझं औषध वाया जाईल."

दगूबाई घरी गेली नाही. कुदळ घेऊन थेट माझ्याकडे आली. रुक्मिणीबाई धावल्या.

"दगू, देवना माथावर घान टाकशी?"

"देव व्हई ते माफ करी, काकू. टाकी व्हई ते काम करी."

तिने चर बुजवला, गटार माझ्याकडे वळवले. साबणाचे, राखेचे, उष्ट्याचे काळे पाणी माझ्यात शिरले आणि आपण कशासाठी जन्मलो ते मला तेव्हा कळले. बायकांनी नवा झिरा गटारापासून दूर, वरच्या अंगाला उकरला. धनू हळूहळू सावरली.

पुढे माझा पहिला कप्पा गाळाने भरला. तो कुणी काढायचा, यावर गावाने बराच विचार केला, म्हणजे कुणीच काढला नाही. दगूबाईने पदर खोचला.

"घान आपली शे, मंग काढाले दुसरा कसाले?"

ती घमेले भरू लागली. थोड्या वेळाने तिच्या हातातले घमेले कुणीतरी वरून घेतले. रुक्मिणीबाई होत्या. नाकाला पदर लावून, पण होत्या.

मित्रांनो, प्रेमाने पाहावे असे माझ्यात काही नाही आणि माझी तशी तक्रारही नाही. फक्त गाळ वेळेवर काढत जा. मी तुंबले तरी गटार वाहायचे थांबत नाही. ते मला ओलांडून नदीत जाते, आणि खालच्या अंगाला कुणाचे तरी लेकरू ओंजळ भरून पाणी पीत असते.