मोठी अक्षरं

त्या कारखान्यात वाफेचे मोठाले पाइप जोडले जात, आणि प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघायचा. माणसाचं हाड मोडलंय का ते बघतात ना, तसाच. जोडात केसाएवढी चीर दिसली तरी पाइप नापास. आणि ती चीर आहे की नाही हे सांगायचं काम चौतीस वर्षं एकच माणूस करत आला होता. फिल्मच्या जमान्यात त्यांच्या हातातलं भिंग जेवतानाही सुटत नसे, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. डोळ्यात तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते काकांकडे बघून कळायचं. वेल्डर त्यांच्या नावानं बोटं मोडायचे आणि घरात गॅसची नवी नळी बसवली की आधी काकांनाच बोलावून दाखवायचे.

फिल्म गेली, चित्रं संगणकावर आली, काकांनी तेही निमूटपणे शिकून घेतलं. मग यंदा टेबलावरचे जुने संगणकही गेले आणि प्रत्येकाला एक लॅपटॉप आणि एक डॉक मिळाला. डॉक म्हणजे एक चपटा डबा. त्याची एक वायर लॅपटॉपमध्ये खुपसली की मोठा पडदा, कीबोर्ड, माउस सगळं एका दमात चालू होतं, असं निदान माहितीपत्रकात तरी लिहिलं होतं. प्रत्यक्षात कुणाचा पडदा काळा, कुणाचा लुकलुकतोय, कुणाचं चित्र लांबट. या सगळ्या तक्रारी यायच्या संगणक खात्यातल्या ताईकडे. खातं म्हणजे दोनच माणसं, आणि त्यातला एक कायम मीटिंगमध्ये. ताई टेबलाखाली शिरायची, वायर बदलायची, डबा बंद करून चालू करायची, घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायची, आणि फरशीवरची धूळ गुडघ्यांना लावून पुढच्या टेबलाकडे जायची. नवऱ्याची कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते, घरात दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नोकरी ती तळहातावरच्या फोडासारखी जपत होती.

काकांची तक्रार साधी होती. नव्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, वाचता येत नाहीत. आता याला खरा उपाय एकच. पडद्याची बारकाई पूर्ण ठेवायची आणि नुसता अक्षरांचा आकार वाढवायचा. ताईनं तो करूनही बघितला. पण काकांचं तपासणीचं सॉफ्टवेअर जुनंपुराणं, अक्षरं वाढवली की त्याची खालची बटणं पडद्याबाहेर जायची. सकाळपासूनची ती सतरावी तक्रार होती. मग तिनं सोपी वाट धरली. रिझोल्यूशनच, म्हणजे पडद्याची बारकाईच, एक तृतीयांशावर आणलं. अक्षरं टपोरी झाली, बटणं जागेवर आली, काका खूश झाले. तिनं वहीत "सोडवली" असं लिहून खाली सही केली.

महिन्याभरानं काकांनी पुन्हा बोलावलं. म्हणाले, चित्र मऊ वाटतंय गं, कडा बोथट दिसतात. ताईनं वायर बदलली. फरक पडेना, तेव्हा अख्खा डॉक बदलला, त्याचं सॉफ्टवेअर नवं केलं, पडदा कापडानं पुसला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! रिझोल्यूशनकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही, कारण ते तर तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं होतं, आणि चोर शोधताना आपला खिसा कोण तपासतो? काकाही भिडस्त. दिवसाला साठ चित्रं बघायची, पुन्हापुन्हा कुणाला त्रास द्यायचा, म्हणून ते गप्प बसले. वहीत दुसऱ्यांदा "सोडवली" आलं.

पावणेतीन महिन्यांनी एका गिरणीत नवा पाइप बसवला, पहिल्यांदा वाफ सोडली, आणि एक जोड फाटला. शेजारी उभा असलेला फिटर भाजला. एकतीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची बायको कारखान्याच्या फाटकाशी येऊन दोन तास नुसती उभी होती, आणि आतून कुणाची बाहेर जायची छाती झाली नाही.

चौकशी बसली. मोठ्या साहेबांनी ताईला सांगितलं, गुरुवारी अकराला समिती येतेय, त्या जोडाचं चित्र भिंगकाकांच्याच टेबलावर लावून ठेव.

ती दहालाच गेली. काकांना बाहेर बसवून ठेवलं होतं. काका लॅपटॉपचं झाकण कधीच उघडत नसत, त्यावर त्यांच्या फायली रचलेल्या असायच्या. ताईनं फायली उचलल्या, झाकण उघडलं, चित्र लावलं. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर जोडाच्या कडेला बारीक रेघ होती, ताटाला केस चिकटावा तशी. मोठ्या पडद्यावर तेच चित्र, आणि रेघ नाही. सवयीनं तिचा हात आधी वायरीकडे गेला. मग तिनं मोठ्या पडद्याचं सेटिंग उघडलं. एक तृतीयांश.

खात्री करायला म्हणून तिनं रिझोल्यूशन पूर्ण केलं. मोठ्या पडद्यावर रेघ उमटली, वीतभर लांब. ते परत खाली आणायचं की तसंच ठेवायचं, हे ठरवायच्या आत दार उघडलं. साहेब, समितीची दोन माणसं, आणि सगळ्यांच्या मागे काका.

चित्र पडदाभर होतं, अक्षरं कुठंच नव्हती, त्यामुळे पडद्यात काही बदललंय हे काकांना कळायचं कारण नव्हतं. समितीच्या प्रमुखांनी पेन्सिलीचं टोक रेघेवर ठेवून हे काय आहे असं विचारलं. काका वाकले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि बराच वेळ बघत राहिले.

"चीर आहे," ते म्हणाले. "आंधळ्यालासुद्धा दिसेल."

"मग त्या दिवशी तुम्हाला दिसली नाही?"

"नाही दिसली," काका म्हणाले. "माझी नजर गेली असणार, साहेब."

ताईनं तोंड उघडलं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. पण तिला सासूबाईंची औषधं आठवली, फाटकाशी उभी असलेली ती बाई आठवली, आणि वहीतली स्वतःची सही आठवली. साहेब म्हणाले, ताई, तुमचं काम झालं, निघा तुम्ही. आणि ती निघाली. मूग गिळून गप्प बसायला काही फार ताकद लागत नाही, नुसतं चालत राहायचं असतं.

काकांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानं दोर स्वतःच गळ्यात घालून घेतलेला. कारखान्यात सगळे सुटल्यासारखे झाले. यंत्र ठीक, पद्धत ठीक, म्हाताऱ्याचे डोळे तेवढे गेले.

नऊ दिवस ताई वहीत "सोडवली" लिहीत राहिली. दहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती काकांच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. काकूंनी हळू आवाजात सांगितलं की त्यांनी पेपर वाचायचा सोडलाय, रस्ता ओलांडताना माझा दंड धरतात, सुईत दोरा ओवून द्या म्हटलं तर मला दिसणार नाही म्हणतात, बघतसुद्धा नाहीत. परवा त्या फिटरच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोला हात जोडून म्हणाले, मी मारलं तुझ्या नवऱ्याला.

मग ताईनं सगळं सांगितलं. अक्षरं मोठी कशी केली, ते, आणि त्या गुरुवारी दहा वाजता काय दिसलं, तेही. सांगताना ती रडली, आणि रडता रडता तिला खरोखर बरं वाटू लागलं.

काकांनी पहिला प्रश्न कामाचाच विचारला, किती कमी केलं होतं म्हणून. एक तृतीयांश, ती म्हणाली. ते मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिले. मग काकूंच्या डब्यातून त्यांनी सुई घेतली, दोरा घेतला, आणि पहिल्या फटक्यात ओवला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"तरी तो पोरगा गेलाच," काका म्हणाले. पण त्यांची पाठ ताठ झाली होती. "सोमवारी जाऊ साहेबांकडे. पडदा पुन्हा तसा लावून दाखव, त्यांना पटेल."

ताईनं पर्स खांद्याला अडकवली.

"बरं, मी एकटा जातो. मी सांगतो."

"साहेब मला विचारतील, काका."

"विचारू देत. तू काय सांगशील?"

घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, असं ती पुटपुटली. मुलं लहान आहेत, असंही म्हणाली. सगळं खरं होतं. काकांनी मध्येच तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि हातातली सुई काकूंकडे दिली.

"मग मला कशाला सांगितलंस, पोरी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "डोळे गेले म्हणून मी गप्प बसलो होतो. आता मला दिसतं, आणि तरी गप्पच बसायचं."

काकूंनी उठून दार उघडलं आणि ती चपला घालेपर्यंत उघडं धरून ठेवलं.