कुंकवाखालचे अक्षर

मित्रांनो, मी एक जुनी कुयरी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. आंब्याच्या कोयीच्या आकाराची, पितळेची, आत दोन खण, एकात हळद आणि एकात कुंकू. झाकणावर मोर आहे. त्याची चोच मोडली आहे, पण तो विषय मला आवडत नाही.

बडोद्यात मांडवीजवळच्या एका कारागिराने मला घडवले. तिथून मी इंदिराबाईंच्या रुखवतात गेले आणि त्यांच्याबरोबर सासरी आले. घर शिपाईबाण्याचे. सासरचे पणजोबा बडोदा सरकारच्या फौजेत होते आणि इंदिराबाईंचे यजमान धनाजीराव शाळेत कवायत शिकवत. मला त्या घरात मोठा मान होता. नवी वस्तू दारात आली की माझे झाकण उघडलेच म्हणून समजा. सायकल, शिवणयंत्र, गॅसची शेगडी, स्कूटर, सगळ्यांच्या कपाळी आधी माझे कुंकू लागले. नव्या कागदालाही तेच. पत्रिका असो, प्रगतिपुस्तक असो, आधी देवापुढे, मग हळदकुंकू आणि मग बाकीचे.

एकदा बँकेच्या पासबुकावर कुंकू जरा जास्तच सांडले आणि एक आकडा पार झाकला गेला. धनाजीराव घाबरतच बँकेत गेले. तिथल्या नारायणभाईंनी तो डाग पाहिला, त्याला हात लावून नमस्कार केला आणि शेजारी आकडा पुन्हा लिहून दिला. घरी हे ऐकून मी केवढी फुगले होते! वाटले, आपले कुंकू सगळ्यांनाच चालते.

पुढे आम्ही गोत्री भागातल्या सोसायटीत राहायला आलो. घरात कंप्युटर आला. इंदिराबाईंनी सवयीने त्याच्या काचेवर स्वस्तिक काढले, तर धनाजीराव ओरडले, "अगं, त्याचा डोळा आहे तो!" आणि रुमालाने पुसून टाकले. माझा अपमान झाला. पण मी समजून घ्यायला हवे होते की वारे बदलले आहे.

आता मुख्य गोष्ट सांगते. २००६ चा जून होता. धनाजीरावांची नात सानवी हिला फिजिओथेरपीच्या कॉलेजात जागा मिळाली. आजीचे गुडघे दाबता दाबता तिने लहानपणीच ठरवले होते, की हेच शिकायचे. वाघोडियाच्या कारखान्यात काम करणाऱ्या तिच्या वडिलांना, समरजितना, धनाजीरावांनी ठणकावून सांगितले, "नातीची पहिली फी मी भरणार." फी मात्र कंप्युटरवरूनच, बँकेच्या खात्यातून भरायची होती. धनाजीरावांनी बँकेत अर्ज केला. पासवर्डचा लखोटा यायला इतके दिवस लागले, की तो हाती पडला तेव्हा शेवटची तारीख उजाडली होती. संध्याकाळी पाचपर्यंत फी भरली नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती.

धनाजीरावांनी लखोटा फाडला, आतला कागद उलगडला आणि म्हणाले, "यात आपल्या खात्याची किल्ली आहे. देवापुढे ठेव. मी आंघोळ करून येतो."

इंदिराबाईंनी कागद ठेवला, हात जोडले आणि माझे झाकण उघडले. ओले बोट आधी हळदीत, मग कुंकवात बुडाले. नातीचे शिक्षण म्हणून त्यांनी त्या दिवशी जरा सढळ हातानेच लावले. आठ अक्षरे होती कागदावर, फिकट आणि बारीक. सहावे अक्षर माझ्या कुंकवाखाली गेले.

धनाजीरावांनी रुमालाने टिपायला घेतले, तेव्हा होते नव्हते तेही फासले गेले. सानवीने भिंग लावले. "आजोबा, बी असेल, नाहीतर आठ असेल."

"नाहीतर तीन," धनाजीराव म्हणाले.

बी घालून पाहिले. चूक. आठ घातले. चूक. सानवीचा हात थांबला. "तीन घालू का? नाही जमलं तर बंद होईल."

"अहो, आज शेवटचा दिवस ने?" इंदिराबाई दारातून म्हणाल्या.

तीन घातले. खाते बंद झाले. मला इंग्रजी वाचता येत नाही, मित्रांनो. ते अक्षर माझ्याच अंगाखाली होते आणि मला सांगता येत नव्हते. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

हेल्पलाइनवर बाई सारखी म्हणत राहिली, हिंदीसाठी एक दाबा, गुजरातीसाठी दोन दाबा. धनाजीरावांनी सगळे दाबून पाहिले. समरजितच्या खात्याला कंप्युटरची सोय नव्हती आणि सोसायटीत ज्यांच्याकडे ती होती ते कामावर गेले होते. शेवटी नवराबायको रिक्षाने बँकेत गेले. तिथे काय झाले ते इंदिराबाईंनी संध्याकाळी देवापुढे रडत सांगितले, म्हणून मला कळले. नारायणभाई केव्हाच निवृत्त झाले होते. खिडकीत एक तरुण मुलगी होती. धनाजीराव तिला म्हणाले, "बेन, चालीस वरसथी खातुं छे मारुं. मारी सही जुओ ने."

मुलगी वाईट नव्हती. तिचेही तोंड उतरले होते. ती म्हणाली, "काका, हुं समजुं छुं, पण मारा हाथमां कंई नथी. सिस्टम ना पाडे छे." कंप्युटरच नाही म्हणतो, नवा लखोटा पोस्टाने येईल, दहा-बारा दिवस लागतील, एवढेच तिला सांगता आले.

पाच वाजले. जागा गेली.

इंदिराबाईंना कोणी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला चिंचेने लखलखीत घासले, फडक्यात गुंडाळले आणि कपाटात सर्वांत खाली ठेवले. स्वतःच्या कपाळासाठी त्यांनी प्लास्टिकची डबी आणली. बारा दिवसांनी दुसरा लखोटा आला तो धनाजीरावांनी थेट खिशात घातला, असे मी फडक्यातून ऐकले. आत शिरल्या शिरल्या कंप्युटरने नवा पासवर्ड मागितला आणि तीन महिन्यांनी तोही शिळा झाला म्हणे. आम्हाला शिळे व्हायला पन्नास वर्षे लागतात.

सानवीने बी. कॉम.ला नाव घातले. चार वर्षे मी अंधारात होते. मग एका सकाळी फडके सुटले. सानवीला एका बँकेत नोकरी लागली होती.

"आजी, कुंकू," ती म्हणाली.

"नको गं बाई. कागदांपासून लांब ठेव तिला."

"कागदाला नकोच. मला लाव."

इंदिराबाईंनी प्लास्टिकच्या डबीतले कुंकू माझ्या रिकाम्या खणात ओतले आणि बोट बुडवले. टिळा वाकडा लागला, तरी सानवीने तो तसाच ठेवला. मला वाटले, आता सगळे फिटले.

संध्याकाळी ती घरी आली आणि पर्स न ठेवताच आजीजवळ बसली. "आजी, आज पादरा गावचे एक आजोबा आले होते. पासवर्ड तीनदा चुकला त्यांचा. मुलाच्या ऑपरेशनचे पैसे पाठवायचे होते. मी सगळीकडे फोन केले गं. शेवटी मीही तेच म्हणाले. माझ्या हातात काही नाही."

इंदिराबाईंनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारले, "पाणी तरी विचारलंस ने त्यांना?"

सानवीने मान खाली घातली.

मित्रांनो, आता मी पुन्हा देवघरात आहे. कुलपे घालू नका असे मी म्हणणार नाही, चोर तर असतातच. मला अधूनमधून चिंच लावा, म्हणजे मी काळी पडणार नाही. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन अशाच एखाद्या खिडकीत बसाल, समोरच्या म्हाताऱ्या माणसासाठी तुम्हाला काहीच करता येणार नाही, तेव्हा निदान त्याला बसायला सांगा आणि पाणी विचारा. सानवी आता रोज घरून पाण्याची मोठी बाटली भरून नेते.