प्रेमलाच्या आधीचं नाव

देवराव साखरकरचे वडील वारले, त्याच्या दुसऱ्या महिन्यात बळीराम भाट वंशावळीची वही घेऊन काटोलकडून खुर्सीपारला आला. साल चौसष्ट. देवरावचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पोलादाच्या प्लांटच्या ड्यूटीवाल्यांच्या सायकली त्याच्याकडेच येत. दुकानामागच्या खोलीत भाट घोंगडीवर बसला आणि सात पिढ्या वाचत देवरावपर्यंत आला.

"देवराव. बायको कलावती, माहेर कोंढाळी."

चहा घेऊन आलेली प्रेमला दारातच थांबली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोन मुली होत्या, आणि हे नाव ती पहिल्यांदा ऐकत होती. तिचं नाव कलावतीच्या खाली लिहितो, असं भाट म्हणाला.

देवरावनं खाली मान घालून सांगितलं, की कोवळ्या वयात लग्न झालं होतं. दोन वर्षांत मूल झालं नाही म्हणून आईनं सोडचिठ्ठी द्यायला लावली. पुढं कलावतीनं पाट लावला, कोणाशी ते त्याला ठाऊक नव्हतं. भाटाला ठाऊक होतं. रेल्वेतल्या लहानूशी, चरोद्याला क्वार्टर आहे.

देवराव दर रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन चरोद्यालाच जायचा, रेल्वे कॉलनीतल्या सायकली दुरुस्त करायला. भाट गेल्यावर त्यानं मुलींची शपथ घेतली, की कलावती तिथं राहते हे त्याला माहीत नव्हतं. प्रेमलाला ती पटली नाही. त्याला वाढताना तिला वाटे, हा दुसऱ्याच हाताची चव शोधतोय.

पाचव्या दिवशी मुलींना शेजारी सोडून ती पॅसेंजरनं चरोद्याला गेली. कलावती ओट्यावर गहू निवडत होती. थोराड बाई, पुढचे दोन दात पडलेले. प्रेमलाला हायसं वाटलं. तिनं ओळख सांगितली, तसं कलावतीनं बसायला पोतं अंथरलं, पाणी दिलं, आपली तीन मुलं दाखवली. मग सहज विचारलं,

"अजून झोपेत दात खाते का तो?"

देवराव खायचा. नऊ वर्षं प्रेमला समजत होती, की हे जगात आपल्या एकटीलाच माहीत आहे.

"नाई," ती म्हणाली. "आता नाई खात."

कलावती गव्हातले खडे वेचत राहिली. "तो क्वार्टरच्या लाईनीत येते, मले मालूम आहे. मी घरात निंगून जातो. त्यानं मले पाह्यलं नाई." मग म्हणाली, "एकडाव मी तुमच्या दुकानासमोर उभी राह्यली होती. तुमी त्याच्या हातावर पाणी टाकून राहिल्या होत्या, अन् तो हासून राहिला होता. माह्यासंग तो कधी हासला नाई. त्या दिवशी मी चूल पेटवली नाई."

प्रेमलाला बरं वाटलं. इतकं, की तिला कलावतीकडे बघवेना. गाडीची वेळ सांगून ती उठली.

घरी तिनं देवरावला सगळं सांगितलं. क्वार्टर, मुलं, पडलेले दात. दातांबद्दल जरा जास्तच. तो चाकाच्या तारा आवळत ऐकत होता.

"सुखी आहे का?" त्यानं विचारलं.

त्याचा आवाज तिला टोचला. "आहे," ती म्हणाली. कलावती दुकानासमोर येऊन गेल्याचं मात्र तिनं सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही कधी नाही.

रविवारी देवरावनं पिशवी उचलली.

"चरोद्याले नोका जाऊ," प्रेमला म्हणाली.

त्या रविवारपासून तो सायकली दुरुस्त करायला कोहक्याला जाऊ लागला.