तिऱ्हाईत विमा

खडकवणच्या परिवहन कार्यालयात बर्फगाडीच्या चाचणीचा रस्ता दुसऱ्या मजल्यावर होता, आणि बाहेरचा बर्फ थांबला तरी तिथला थांबत नसे. दमयंती उबाळे सकाळी अकराला, नवरा वारल्यावर मागे राहिलेली त्याची गाडी घेऊन वर आली, तेव्हा पोटऱ्या बुडतील एवढा साचला होता. बाकांवरची माणसं कोपराने तो झटकत अर्ज भरत होती.

तिला सोनारीला जायचं होतं. धाकटी बहीण सारजा तिथे एकटीच राहायची. काल फोनवर सारजा म्हणाली होती, "ताई, बर्फ आत आलाय. पलंगावर चढून बोलतेय." आज सकाळी ती कपाटावर बसून बोलत होती. नाक्यावरचे पोलीस मात्र लायसन्स आणि विमा बघितल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नव्हते.

निरीक्षक गोडघाटे, साठीकडे झुकलेले, किडकिडीत, तिच्यामागे गाडीवर येऊन बसले.

"विमा?"

"अजून नाही काढला."

"विम्याशिवाय लायसन्स नाही. ते समोर टेबल दिसतंय ना, तिथे निघतो. चला, जाता जाता चाचणीही होऊन जाईल."

टेबल पन्नास पावलांवर होतं. दमयंतीने गाडी सुरू केली. एकच्या सुमारास ते ऐंशी पावलांवर दिसू लागलं. मग भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणा संपल्या, पुढे खिडक्याही संपल्या.

"सरळच ना?"

"सरळच."

गोडघाट्यांनी डबा उघडून तिला अर्धी भाकरी दिली. डावा गुडघा थंडीत कसा ठणकतो ते सांगितलं. मुलगी सासरहून फोन करत नाही, हेही सांगितलं. भिंतीवर मधूनमधून कॅलेंडरं येत होती आणि प्रत्येकावर पुढचा महिना होता. केव्हातरी ते तिला ताई म्हणू लागले. गारठा वाढला तसे त्यांनी दोन्ही हात पुढे घेऊन तिच्या हातांशेजारी हँडलवर ठेवले. तिला बरं वाटलं.

शेवटी टेबल आलं. विम्याच्या शरयू मॅडम शाल पांघरून बसल्या होत्या.

"तिऱ्हाईत विमा आहे हा. म्हणजे तिऱ्हाईत लागणार. कोण आहे?"

"हे आहेत ना, मागे बसलेले."

"यांचा कोणता गुडघा दुखतो?"

"डावा," दमयंती बोलून गेली.

"मग हे कसले तिऱ्हाईत!" मॅडमनी रकान्यावर काट मारली. "दुसरं कुणी सांगा."

दमयंती आठवत राहिली. जे जे कोणी आठवत होतं ते ओळखीचंच निघत होतं. तेवढ्यात फोन वाजला. सारजाचा होता.

"हॅलो, कोण बोलतंय?" सारजाने विचारलं. आवाज छताला चिकटून यावा तसा येत होता.

"अगं, मी. ताई."

"कोण ताई?"

"सारजे, फोन तूच केलास ना?"

"हो, इथे नंबर लिहिलेला होता. बर्फ फार झालाय हो. तुम्ही कुणाच्या ओळखीच्या आहात का?"

मॅडमनी हात पुढे करून फोन घेतला. अगदी मायेने नाव विचारलं, गाव विचारलं, आणि रकान्यात लिहून घेतलं.

"झालं काम. मिळाली तिऱ्हाईत."

"मॅडम, ती माझी सख्खी बहीण आहे."

"तसं म्हणणार असाल तर कागद फाडावा लागेल. मग तुम्ही इथेच."

दमयंतीने गोडघाट्यांकडे मान वळवली. ते म्हणाले, "करा सही, ताई. तिच्यापर्यंत पोहोचणं महत्त्वाचं."

तिने सही केली. मॅडमनी शिक्का मारला आणि टेबल बाजूला ओढलं. मागे भिंत नव्हती. मोकळं पांढरं रान होतं, दुपारचं ऊन होतं, आणि दूरवर सोनारीच्या देवळाचा कळस तेवढा बर्फावर आलेला दिसत होता. दमयंतीने वेग वाढवला. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

कळसाजवळ एक बाई उभी होती. ओली, अनवाणी. गाडी बघून तिने हात वर केला.

"तिऱ्हाइताला गाडीवर घेता येत नाही," गोडघाटे हळूच म्हणाले. "विमा जाईल."

"मी थांबवतेय," दमयंती म्हणाली आणि ब्रेकसाठी बोटं उचलायला गेली. ती उचलली गेली नाहीत. तिच्या हातमोज्यांची लोकर गोडघाट्यांच्या हातमोज्यांत विणली गेली होती, टाका न् टाका, मनगटापर्यंत. बाई आता इतकी जवळ आली होती की तिच्या पापण्यांवरचा बर्फ दिसत होता, आणि ती हात वर धरून परक्या माणसाकडे बघून हसावं तशी हसत होती.