त्या सकाळचा वारा

टाळ्या वाजत होत्या, आणि काटेभाऊंना ते पत्र आठवलं. बावीस वर्षांपूर्वीचं, एकाच पानाचं, शाळेतल्या बाईच्या गोल टपोऱ्या अक्षरातलं. त्याला त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं.

व्यासपीठावर विमान कंपनीचे माजी व्यवस्थापक बोलत होते. कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून जुन्या माणसांना बोलावलं होतं. "लोक मला कडक म्हणायचे. पण कडक का झालो ते ऐका. बेटावरची एक बाई, दिवस भरत आलेले. वारा होता, आम्ही थांबा म्हणालो. ऐकेना. हट्टानं विमानात बसली आणि बाळ गमावून बसली. त्या दिवशी मी नियम केला, गरोदर बाई विमानात नाही म्हणजे नाही. अकरा वर्षं पाळला."

आपलेही हात वाजताहेत हे काटेभाऊंच्या लक्षात आलं. चौतीस वर्षांची सवय. साहेब बोलायचे थांबले की वाजायचे. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

काटेभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बेटावरच्या धावपट्टीशेजारी एक खोली होती, तिथे ते वजनाच्या काट्यावर बसायचे, म्हणून काटेभाऊ. विमान लहान, सहा उतारूंचं. माणूस असो की पोतं, काट्यावर चढल्याशिवाय आत जाणार नाही. सगळ्यांची वजनं मांडून, पुढे कोण आणि मागे कोण ते ठरवून काटेभाऊ कागदावर सही करत. त्या सहीशिवाय कप्तान इंजिन चालू करत नसे. पलीकडच्या शहरातला वारा दर तासाला फोनवर कळे, तोही तेच वहीत लिहीत. आयुष्यात 'नाही' म्हणायचा अधिकार त्यांना एवढाच मिळाला होता, आणि तो त्यांनी बहुधा लोकांच्या जादा सामानावर खर्च केला.

त्या सकाळी पावणेसातला ती बाई आली. बालवाडीची शिक्षिका, आठवा महिना. नवरा जहाजावर, म्हणून सासू सोबत. हातात नर्सची चिठ्ठी: पोटात दुखते आहे, रक्त जात आहे, शहरातल्या दवाखान्यात ताबडतोब न्यावे. चेहरा घामाने डबडबलेला, तरी काट्यावर चढताना ती म्हणाली, "भाऊ, एकीचं वजन लिहिणार की दोघांचं?"

"तिकीट एक, वजन एक," काटेभाऊ म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदाने लाजले.

पुढे कप्तानाशेजारी बसवली असती तर दुसरं सुकाणू तिच्या पोटाला लागलं असतं, म्हणून त्यांनी तिला मागची जागा दिली. पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा, हे तिला सांगायचा संकोच वाटला, म्हणून सासूला सांगितलं. सात वाजता विमान तयार होतं. वहीत लिहिलं होतं: पलीकडे वारा शांत.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला, विश्रामगृहातून. "संचालकांचे चार पाहुणे यायचेत. नाश्ता चाललाय त्यांचा. आले की सगळ्यांना एकदमच पाठव."

"साहेब, एक बाई अवघडलेली आहे. नर्सची चिठ्ठी आहे."

"मग? एका बाईसाठी तासाभराचं पेट्रोल जाळू? वारा आहे म्हणून सांग."

काटेभाऊंनी सांगितलं. जमिनीकडे बघत सांगितलं.

"बघ, वारासुद्धा नको म्हणतोय," सासू सुनेला म्हणाली. "घरी चल कशी."

"घरी जाऊन काय करू, आई? इथे निदान विमान तरी दिसतंय."

आठ वाजता कप्तान खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. "सही कर. तिला एकटीला सोडून येतो. तासाभरात परत. पाहुण्यांचा चहासुद्धा संपायचा नाही."

"साहेबांना विचारतो."

"अरे, विचारलंस की ते नाही म्हणणार. विचारूच नकोस. सही कर, पुढचं मी निस्तरतो."

पेन हातात होतं. काटेभाऊंनी फोन उचलून विचारलं. साहेब नाही म्हणाले.

साडेदहाला पाहुणे हसतखिदळत आले. काट्यावर चढताना एकाने गंमत म्हणून पोट आत ओढलं. पावणेअकराला विमान उडालं आणि पंचवीस मिनिटांत पलीकडे उतरलं. बाळ दवाखान्यात मेलेलंच जन्माला आलं.

बेट म्हणालं, विमानात बसली म्हणून. वाऱ्याचे हादरे बसले म्हणून. कंपनीने गरोदर बायकांना बंदीचा फलक काचेच्या चौकटीत लावून त्यावर शिक्कामोर्तब केलं. मग अकरा वर्षं बेटावरच्या पोटुशा बायका सहा-सहा तास बोटीत ओकत शहराला जात राहिल्या, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणे, त्या बाईमुळे हे भोगावं लागतंय.

काटेभाऊंनी शहराला बदली मागून घेतली. पत्र तिथे आलं. 'भाऊ, सगळे म्हणतात, वारा असताना मी हट्ट केला म्हणून बाळ गेलं. मला विमानात एकही हादरा जाणवला नाही. त्या सकाळी पलीकडे खरंच वारा होता का? वही तुमच्याकडे असायची. एवढंच कळवा.'

एक ओळही लेखी द्यायची नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. नोकरी होती, दोन मुली शिकत होत्या. पुढे नोकरी संपली, मुली आपापल्या घरी गेल्या. कारणं सरली तरी गप्प बसायची सवय उरली.

"वारा होता म्हणे," शेजारी बसलेला कप्तान आता पुटपुटला. "पाण्याचा पेला भरून ठेवला असता तर थेंब सांडला नसता त्या दिवशी."

"ती कुठे असते आता?"

"तिथेच. शाळेची मुख्याध्यापिका आहे. सासू गेली मागच्या वर्षी. शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, सुनेनं हट्टानं नातू घालवला. सोड रे. जुनी गोष्ट आहे."

"तो आत्ता सांगतोय ना? मग जुनी कशी?"

कप्तानाने वळून पाहिलं. साहेबांना 'तो' म्हणताना काटेभाऊंना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर साहेब खाली आले. काटेभाऊ वाटेत उभे राहिले.

"वारा नव्हता, साहेब."

"अरे, काटेभाऊ! जेवलास की नाही? कसला वारा?"

"त्या सकाळचा. पाहुण्यांचा नाश्ता चालला होता."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं, अगदी मनापासून पाहिलं, आणि त्यांना काहीच आठवलं नाही. "तू अजून तसाच. तोंडातल्या तोंडात बोलतोस," असं म्हणून खांदा थोपटून ते जेवायला गेले.

हा माणूस खोटं बोलतो, हे काटेभाऊंनी कसंबसं गिळलं असतं. पण त्याला ते खोटं आहे हेच आता ठाऊक नव्हतं. एका बाईच्या माथी आयुष्यभराचा ठपका ठेवून हा सुखाने विसरून गेला होता, आणि खरं काय ते सांगणारी वही मात्र बावीस वर्षं तोंड शिवून बसली होती. वही कसली, आपणच.

घरी येऊन त्यांनी चार पानं लिहिली. बायकोने चष्मा लावून वाचली.

"यात तुमची नोकरी आहे, तुमच्या मुली आहेत, तुमची झोप आहे. तिनं तुमची झोप विचारली होती का?"

"मग काय लिहू?"

"विचारलंय तेवढं. वारा होता का?"

"नव्हता."

"हे एवढंच? आणि मी इतकी वर्षं समजत होते, तुम्हाला शब्द सापडत नाहीत."

त्यांनी चारही पानं बाजूला सारली आणि नव्याने लिहिलं.

'त्या सकाळी पलीकडे वारा शांत होता. विमान सात वाजता तयार होते. ते पाहुण्यांच्या नाश्त्यासाठी पावणेअकरापर्यंत थांबवले. कप्तान तुम्हाला एकटीला न्यायला तयार होता; सही मी केली नाही. वारा आहे, हे मी तुम्हाला खोटे सांगितले. विमानात बसण्यात तुमची काही चूक झाली नाही. तुमच्या सासूबाई असताना हे कळवायला हवे होते. हे पत्र कुणालाही दाखवा.'

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीच्या खिडकीशी त्यांनी पाकीट सरकवलं.

"रजिस्टर ना? पोचपावती हवी का, आजोबा?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. "त्यांची सही होऊन परत येते तुमच्याकडे."

काटेभाऊंनी जरा विचार केला.

"नको," ते म्हणाले. "त्यांनी मला काही परत पाठवायचं नाहीये."

मुलीने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. काटेभाऊ बाजूला झाले. रांगेतला पुढचा माणूस खिडकीशी आला.