अंगठ्याचा संत

आमच्या मावशीच्या गायीने काकांना खाल्लं.

असं काहीही घडलेलं नाही. घडलं ते एवढंच.

आमच्या कोरिएन्तेस प्रांतात दलदलीकडेला गवत भरपूर, पण त्यात जीव नाही. फॉस्फरस नाही, असं आमच्या गुरांच्या डॉक्टरीणबाई ग्रिसेल्दा म्हणतात. मग गाभण गाई हाडं चघळतात. ऐन दुपारी, अख्खा गाव दारं लावून झोपलेला असताना माळावरून कडाक् कडाक् आवाज येतो. आमच्याकडे भुतं दुपारीच फिरतात. रात्री डास फार.

त्या मोसमात एदुविहेस मावशीच्या दोन गाई विताना बसल्या त्या उठल्याच नाहीत. गाभण अशी एकटी पालोमा उरली. तीही गेली तर माळ विकून शहरात मुलीकडे जायचं, असं ठरलेलं. आणि मावशीचा नवरा, आमचे त्रांकिलिनो काका, तर माळातच पुरलेले, लाल रंगवलेल्या थडग्यात.

"त्यांना काय पिशवीत घालून नेऊ?" मावशी म्हणायची.

"आधी मेलेल्या गुरांची हाडं उचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुजक्या हाडातनं विष भिनतं, गाय लुळी पडते. आणि हे खनिज-मीठ गव्हाणीत ठेवा."

"आणि तिनं नाही चाटलं तर?"

"तर मी येऊन चाटते, मावशी. ठेवा तर खरं!"

हाडं मीच उचलली. माळ इतका साफ केला की गिधाडं रागावून दुसऱ्या गावाला गेली. पण पालोमा मिठाकडे फिरकेना. थडग्यापाशी उभी राहून नुसती जमीन हुंगायची.

शेवटी मावशीने आमच्यातल्या कुणीही केलं असतं तेच केलं. मिठावर संताची कृपा करवून घेतली.

हा संत म्हणजे सान ला मुएर्ते, आमचा मरणसंत. हाडात कोरलेला बोटभर सांगाडा. ख्रिस्ती माणसाच्या हाडातला असला तर जास्त पावतो. तरुणपणी गुरं पकडताना काकांचा उजवा अंगठा फासाच्या दोरात सापडून तुटला होता. दुसरा कुणी रडला असता. काकांनी त्याचा संत कोरून घेतला आणि जन्मभर गळ्यात मिरवला. तोच मावशीने मिठात उभा रोवला, आणि आम्ही झोपायला गेलो.

कडाक्.

"मावशी, माळावर आता हाड नाही ना?"

"तूच उचललीस ना मेल्या, एकूण एक!"

आम्ही दोघंही उठून बसलो. गव्हाणीत मिठाला एक भोक तेवढं होतं. पालोमा शांतपणे जिभल्या चाटत होती.

दुसऱ्या दुपारी ती व्यायली आणि बसली. मान पोटाकडे वळलेली, कान गार. डॉक्टरीणबाईंनी तिच्या शिरेत हळूहळू कॅल्शियम सोडलं. मावशी तिच्या कानाला लागली, "त्रांकिलिनो, ऊठ. आयुष्यभर लोळलास, आज तरी ऊठ."

गाय थरथरली, तिने ढेकर दिला, शेण टाकलं आणि उठली.

"कॅल्शियम," बाई म्हणाल्या.

"ढेकर त्यांचाच," मावशी म्हणाली.

वासरू नर. कपाळावर अंगठ्याएवढा पांढरा ठसा, भर उन्हातही गार. बाईंनी हात लावला, झटकन मागे घेतला आणि "गाडी उन्हात आहे" म्हणत निघून गेल्या.

वासरू हंबरत नाही. दुपारी माळावरून शीळ येते, काका गुरं बोलवायचे तशी, आणि सगळ्या गाई चरणं सोडून तिकडे चालू लागतात. मी एकदा खिडकीच्या फटीतून पाहिलं. मधोमध वासरू उभं होतं, तोंड मिटून. शीळ चालूच होती.

मावशी आता शहराचं नाव काढत नाही. दुपारी भोपळ्याच्या भांड्यात माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, भरते आणि दाराबाहेर धरते. भोपळा रिकामा होऊन परत येतो.

"त्यांना बिनसाखरेचाच लागतो," एवढंच म्हणते.

काल पशुआरोग्य कार्यालयाचा माणूस येऊन वासराच्या कानात बिल्ला मारून गेला: नर, मांसासाठी. दूध तुटलं की अशी वासरं ट्रकात चढतात. आज दुपारी शीळ आली नाही. मावशी जेवली नाही. मला म्हणाली, "तू शिकलेला ना? मग लिही."

तरी मा. जिल्हा पशुआरोग्य अधिकारी यांस सविनय विनंती की, सदर वासराची नोंद 'नर, मांसासाठी' या रकान्यातून काढून 'पती' या रकान्यात करण्यात यावी. तसा रकाना नसल्यास तो उघडण्यात यावा. आणि अर्जदार बाईंच्या नावापुढील 'विधवा' या शब्दास पुढील आदेशापर्यंत स्थगिती देण्यात यावी.