सुकं फडकं

काळी गाडी म्हणजे डोक्याला ताप. पांढरीवर सगळं खपून जातं, काळी मात्र प्रत्येक चरा चव्हाट्यावर आणते. माझ्या पॉलिशच्या गॅरेजात आलेल्या या महागड्या गाडीवर मी दिवा धरला, तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे.

"रोज कोण पुसतं?" मी गाडीमालकाला विचारलं.

"मी!" कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्याचे वडील हौसेनं म्हणाले. "हा उठायच्या आत चकाचक करून ठेवतो. जुन्या बनियनचं मऊ फडकं आहे माझं."

"पाणी न मारता?"

"सुकंच. पाण्याचे डाग पडतात ना!"

माझ्या जिभेला हाड नाही. "आजोबा, धुळीवर सुकं फडकं म्हणजे सँडपेपर. पुसत नव्हतात, खरवडत होतात."

मुलगा बापाकडे वळला. "तुम्हाला गप बसून खाता येत नाही का?"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. दिवसभर तो जागचा हलला नाही.

मी मशीन फिरवून फिरवून सगळे चरे काढले. संध्याकाळी गाडीचा आरसा झाला. मुलगा खुशीत दारावरून हात फिरवत राहिला. म्हातारा बघायला पुढे सरकला, तसा मुलगा खेकसला, "लांब व्हा! आणि तुम्ही बसनं या."

मग तो फोनवर बोलत बाहेर गेला.

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. दाराकडे वाकून बघितलं आणि घाबराघुबरा होऊन मला म्हणाला, "हँडलपाशी बोटं उमटलीत. माझी नाहीत हं ती. त्याला सांगाल ना?"